आभा आणि नोंदींची देवाणघेवाण: लहान रुग्णालयाने ही सेवा घ्यावी का?

आयुष्मान भारत डिजिटल मिशन (एबीडीएम) म्हटलं की लोकांना आठवतं ते आभा कार्ड, म्हणजे आरोग्य नोंदींसाठी मिळणाऱ्या चौदा आकडी ओळख क्रमांकाचं कार्ड. खरं तर कार्ड हा त्यातला सगळ्यात किरकोळ भाग. कामाची गोष्ट आहे ती त्यामागची व्यवस्था: एका डॉक्टरकडे तयार झालेली नोंद रुग्णाच्या परवानगीने दुसऱ्या डॉक्टरच्या स्क्रीनवर पोहोचवणारी. हे परीक्षण त्या व्यवस्थेचं आहे, आणि दहा ते पन्नास खाटांचं नर्सिंग होम, पॅथॉलॉजी लॅब किंवा एकट्या डॉक्टरचा दवाखाना चालवणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं आहे. मोठ्या कॉर्पोरेट रुग्णालयांकडे आयटी विभाग असतो, त्यांचं त्यांना बघता येतं.

मत आधीच सांगून टाकतो. सेवा जरूर घ्यावी, पण सरकारी प्रोत्साहनाच्या पैशांवर नजर ठेवून घेऊ नये, आणि सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याशी करार नीट वाचल्याशिवाय तर मुळीच घेऊ नये. यातली बहुतेक दुखणी दिल्लीत बसलेल्या सर्व्हरची नाहीत. ती आपल्या काउंटरवर आणि आपल्या करारात असतात.

पार्श्वभूमी थोडक्यात. १५ ऑगस्ट २०२० रोजी सहा केंद्रशासित प्रदेशांसाठी पथदर्शी प्रयोग जाहीर झाला, २७ सप्टेंबर २०२१ पासून देशभर सुरुवात झाली, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने पाच वर्षांसाठी १,६०० कोटी रुपये मंजूर केले. कारभार राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाकडे आहे. २०२५ च्या सुरुवातीला आभा क्रमांक ७३ कोटींच्या आसपास होते, आणि त्यांना जोडलेल्या नोंदी ५० कोटींच्या आत. म्हणजे सरासरीने एका माणसामागे एक नोंदसुद्धा नाही. खाती उघडली गेली, नोंदी यायच्या आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांना आपली आभा आहे हेही माहीत नसतं, कारण कोविड लसीकरणाच्या वेळी आधार दाखवलेल्या अनेकांची आभा तेव्हाच तयार झाली होती.

नोंद राहते कुठे?

डॉक्टरमंडळी पहिला प्रश्न हाच विचारतात: आमच्या रुग्णांची माहिती सरकारकडे जाणार का? रचना तशी नाही. नोंद तुमच्याच सर्व्हरवर किंवा तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याच्या क्लाउडवर राहते. मध्यवर्ती यंत्रणेकडे जातो तो फक्त दुवा: अमुक आभा पत्त्याच्या (आभा क्रमांकासोबतचं, ईमेलसारखं दिसणारं नाव) व्यक्तीची अमुक भेटीची नोंद अमुक रुग्णालयात आहे, एवढाच. दुसऱ्या डॉक्टरने मागणी केली आणि रुग्णाने मोबाइलवर होकार दिला, की मागणाऱ्याचं सॉफ्टवेअर एक तात्पुरती किल्ली तयार करतं, तुमचं सॉफ्टवेअर त्या किल्लीने माहिती कुलूपबंद करून थेट तिकडे पाठवतं. मधल्या गेटवेला, म्हणजे मागणी इकडून तिकडे नेणाऱ्या मध्यवर्ती यंत्रणेला, आतला मजकूर वाचता येत नाही.

ही मांडणी चांगली आहे आणि तिचं श्रेय दिलं पाहिजे. एकाच ठिकाणी कोट्यवधी लोकांचे आजार साठवण्यापेक्षा ती कितीतरी सुरक्षित. पण हिची दुसरी बाजू फारसं कुणी सांगत नाही: नोंद तुमच्याकडे राहते म्हणजे ती मागणीच्या क्षणी देण्याची जबाबदारीही तुमचीच. रात्री नऊला रिसेप्शनचा कॉम्प्युटर बंद करून घरी जाणाऱ्या नर्सिंग होममध्ये सॉफ्टवेअर त्याच मशिनवर असेल, तर साडेदहाला दुसऱ्या शहरातून आलेली मागणी वाऱ्यावर जाते. रुग्णाच्या ॲपमध्ये नोंद ‘जोडलेली’ दिसते, उघडत मात्र नाही. म्हणून लहान ठिकाणी क्लाउडवरचंच सॉफ्टवेअर घ्यावं. स्वतःचा सर्व्हर ठेवायचाच असेल तर इन्व्हर्टर, दोन कंपन्यांचं इंटरनेट आणि बाहेरून पोहोचता येईल असा सुरक्षित पत्ता, एवढी तयारी हवी.

सुरुवात कशी करायची

आधी रुग्णालयाची नोंदणी हेल्थ फॅसिलिटी रजिस्ट्रीत. नोंदणी प्रमाणपत्र, पत्ता, खाटा, दिलेल्या सेवा आणि इमारतीचा फोटो हाताशी ठेवा. मंजुरीनंतर मिळणारा क्रमांक आयएन या अक्षरांनी सुरू होतो आणि पुढे राज्याचा संकेत येतो, महाराष्ट्राचा २७. हा क्रमांक सॉफ्टवेअरवाल्याने काढून दिला तर तो कुणाच्या मोबाइलवर नोंदवला आहे ते तपासा. मालकाच्या किंवा व्यवस्थापकाच्याच नंबरवर असला पाहिजे. सॉफ्टवेअरवाल्याच्या माणसाच्या नंबरवर असेल तर पुढे सॉफ्टवेअर बदलताना त्याच्या मागे फिरावं लागतं.

मग डॉक्टरांची नोंदणी हेल्थकेअर प्रोफेशनल्स रजिस्ट्रीत. इथे आधारला जोडलेला मोबाइल आणि वैद्यकीय परिषदेचं प्रमाणपत्र लागतं, आणि पडताळणी परिषदेकडून होते. प्रमाणपत्रावरचं नाव आणि आधारवरचं नाव वेगळं असेल, विशेषतः लग्नानंतर नाव बदललेल्या डॉक्टरांचं, तर अर्ज तिथेच अडकतो. आधी आधार किंवा परिषदेकडची नोंद दुरुस्त करून मगच अर्ज करा.

तिसरी पायरी सॉफ्टवेअरची, आणि इथे फसगत होते. ‘एबीडीएम कम्प्लायंट’ एवढं ऐकून भागत नाही. सॉफ्टवेअर या व्यवस्थेशी जोडण्याचे तीन टप्पे असतात. एम-१ मध्ये आभा काढता आणि तपासता येते. एम-२ मध्ये तुमच्याकडच्या नोंदी रुग्णाच्या आभाशी जोडता आणि मागितल्यावर देता येतात. एम-३ मध्ये दुसरीकडच्या नोंदी परवानगीने मागवून बघता येतात. फक्त एम-१ झालेलं सॉफ्टवेअर म्हणजे चौदा आकडी क्रमांक लिहून ठेवण्याची सोय, देवाणघेवाण नव्हे. विक्रेत्याला डेमोत तीनच गोष्टी करून दाखवायला सांगा: एक डिस्चार्ज कार्ड जोडा, ते रुग्णाच्या आभा ॲपमध्ये उघडा, आणि दुसऱ्या रुग्णालयातली एक नोंद मागवून दाखवा. चाचणीच्या सँडबॉक्सवर नाही, खऱ्या यंत्रणेवर.

काउंटरवर काय होतं

या सेवेतली सगळ्यात जमलेली गोष्ट म्हणजे स्कॅन अँड शेअर. ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तिची सुरुवात झाली. रुग्ण काउंटरवरचा क्यूआर कोड आपल्या ॲपने स्कॅन करतो, नाव, जन्मवर्ष, लिंग, पत्ता, मोबाइल आणि आभा थेट तुमच्या नोंदणीच्या स्क्रीनवर येतात आणि त्याला टोकन मिळतं. सरकारी रुग्णालयांच्या लांबलचक रांगांसाठी हे वरदान आहेच, पण लहान ठिकाणी याचा मोठा फायदा वेगळा आहे. माहिती कुणी हाताने टाइप केलेली नसते, त्यामुळे पुढची जुळणी चुकत नाही.

जुळणी चुकते तेव्हा कशी चुकते ते जवळून बघण्यासारखं आहे. नोंद आभाशी जोडताना नाव, लिंग आणि जन्मवर्ष आभावरच्या माहितीशी पडताळलं जातं. आपल्याकडे केस पेपरवर नाव आडनावापासून लिहायची पद्धत: ‘पाटील सुनीता रमेश’. आधारवर ‘सुनीता रमेश पाटील’. त्यात पुढे ‘सौ.’ लागलेलं. वयाच्या रकान्यात रिसेप्शनिस्ट विचारते, ‘काकू, वय किती?’ आणि काकू सांगतात, ‘असेल साठ.’ सॉफ्टवेअर चालू वर्षातून साठ वजा करून जन्मवर्ष ठरवतं आणि आधारवर ते चार वर्षांनी वेगळं निघतं. झालं, जोडणी नाकारली जाते. काउंटरवर दिसतो तो फक्त एक इंग्रजी एरर. रिसेप्शनिस्ट दोनदा प्रयत्न करते, मागे रांग वाढते, आणि तिसऱ्या रुग्णापासून ती आभाचा रकाना रिकामा सोडायला लागते. ज्या ठिकाणी ही व्यवस्था दोन महिन्यांत थंडावते, तिथे बहुतेक वेळा कारण हेच असतं.

उपाय सोपे आहेत. वयाऐवजी जन्मवर्षाचा रकाना सक्तीचा करा. ‘श्री’, ‘सौ.’, ‘डॉ.’ यांना वेगळा रकाना द्या. जुन्या रुग्णाची आभा पहिल्यांदा जोडताना त्याची माहिती आभावरून ओढून आणा आणि जुन्या नोंदीशी ती एकत्र करा, नवा रुग्ण क्रमांक देऊ नका. नवा क्रमांक दिला की त्याच माणसाच्या दोन फाइली होतात आणि जुना इतिहास जोडायचा राहून जातो.

दुसरी अडचण मोबाइलची. आजी-आजोबांच्या आधारला मुलाचा नंबर असतो, मुलगा पुण्यात किंवा दुबईत, आणि ओटीपी तिकडे जातो. अशा रुग्णाला काउंटरवर ताटकळत ठेवू नये. नोंद आपल्या सॉफ्टवेअरमध्ये व्यवस्थित करून ठेवावी, जोडणी पुढच्या भेटीत करता येते. एकाच माणसाचे दोन-तीन आभा पत्तेही सापडतात, एक जुन्या ॲपवर काढलेला, एक लॅबने काढून दिलेला. नोंदी एका पत्त्याला जोडल्या आणि रुग्ण बघतोय दुसरा, तर त्याला वाटतं रिपोर्ट गायब झाले. म्हणून काउंटरवर आभा क्रमांकाबरोबर आभा पत्ताही विचारावा.

आणखी एक गैरसमज महाराष्ट्रात रोज निस्तरावा लागतो: आभा कार्ड दाखवलं की पाच लाखांपर्यंत उपचार मोफत. ते आयुष्मान कार्ड आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं काम. आभा ही नोंदींची ओळख आहे, विमा नाही, आणि ती ऐच्छिक आहे. आभा नाही म्हणून कुणाला परत पाठवता येत नाही. एवढं मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून काउंटरवर लावलं तर रोजची वादावादी वाचते.

जातं काय: कागदाचा फोटो की आकडे?

नोंदी पाठवण्यासाठी एफएचआयआर या मानकाची चौथी आवृत्ती ठरवलेली आहे. भारतासाठी तिचे साचे तयार करण्याचं काम पुण्याच्या सी-डॅकमधलं आरोग्य नोंद मानकांचं राष्ट्रीय केंद्र करतं: ओपीडी सल्ला, प्रिस्क्रिप्शन, तपासणी अहवाल, डिस्चार्ज कार्ड, लसीकरण असे वेगवेगळे साचे. आजारांच्या नावांसाठी स्नोमेड सीटी ही संज्ञावली भारतात विनामूल्य वापरता येते.

साच्यात दोन प्रकारे माल भरता येतो. पीडीएफ घालून मोकळं होता येतं, किंवा प्रत्येक आकडा त्याच्या संकेतासह आणि एककासह देता येतो. बरीच सॉफ्टवेअरं पहिलाच मार्ग धरतात. पीडीएफ अजिबात नसण्यापेक्षा नक्कीच बरी. पण किडनीतज्ज्ञाला दोन वर्षांतलं क्रिएटिनिन कसं वाढत गेलं ते बघायचं असतं, त्याने चौदा पीडीएफ एकेक करून उघडाव्यात ही अपेक्षा चुकीची आहे. तो उघडणार नाही, नवीन तपासणी लिहून देईल, आणि खर्च रुग्णाच्या माथी पडेल.

लॅबवाल्यांनी इथे लक्ष द्यावं, कारण या साखळीत सर्वांत मोलाचा माल त्यांच्याकडे आहे. तपासण्यांसाठी लॉइंक हे संकेत वापरले जातात. साखरेचंच घ्या: उपाशीपोटी १५५८-६, जेवणानंतर दोन तासांनी १५२१-४, आणि कोणत्याही वेळची २३४५-७. सॉफ्टवेअरवाल्याने ‘ग्लुकोज’ म्हणून तिन्हींना एकच संकेत लावला, तर दुसरीकडच्या डॉक्टरच्या आलेखात जेवणानंतरची १८० ही उपाशीपोटीची म्हणून दिसेल आणि औषध वाढवलं जाईल. एककांचंही तसंच. क्रिएटिनिन १.२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे १०६ मायक्रोमोल प्रति लिटर. आकडा गेला आणि एकक राहिलं तर अर्थाचा अनर्थ.

म्हणून संकेत जुळवण्याचं काम विक्रेत्याच्या इंजिनिअरवर सोडू नये, पॅथॉलॉजिस्टने किंवा अनुभवी टेक्निशियनने बसून करावं. सगळी चाचणी-यादी एकदम घेऊ नका. रोज होणाऱ्या तीस-चाळीस चाचण्यांपासून सुरुवात करा: हिमोग्राम, साखर, एचबीए१सी, क्रिएटिनिन, लिपिड, थायरॉइड, लिव्हरच्या चाचण्या. प्रत्येकीपुढे नमुन्याचा प्रकार, पद्धत, एकक आणि संकेत लिहून ती यादी स्वतःकडे ठेवा. पीडीएफ सोबत राहू द्या, सहीचा अहवाल तोच असतो.

परवानगी आणि डॉक्टरची सवय

मागणी पाठवताना डॉक्टरला कारण, नोंदींचे प्रकार, कोणत्या तारखांमधल्या आणि किती दिवसांसाठी, हे सांगावं लागतं. रुग्ण त्यातलं काही कमी करू शकतो, नाकारू शकतो, नंतर मागेही घेऊ शकतो. क्षयरोग, एचआयव्ही, मानसिक आजार, गर्भपात अशा नोंदींच्या बाबतीत हे स्वातंत्र्य फार मोलाचं आहे आणि ते जपलंच पाहिजे. रिसेप्शनवरच्या कुणी रुग्णाचा मोबाइल हातात घेऊन स्वतःच ‘मंजूर’ दाबणं ही घाईतली सोय नाही, तो विश्वासघात आहे.

व्यवहारात मागणी कधी पाठवावी याला महत्त्व आहे. डॉक्टरसमोर बसल्यावर पाठवली तर रुग्ण चष्मा शोधतो, पिन आठवत नाही, आणि ओपीडीतली पाच मिनिटं जातात. नोंदणी झाल्याबरोबर, रुग्ण बाहेर बाकावर थांबलेला असताना, त्याला समजावून पाठवली तर आत जाईपर्यंत नोंदी आलेल्या असतात.

परवानगीत माहिती पुसून टाकण्याची तारीखही असते. ती उलटली की मागवलेली प्रत तुमच्याकडून जायला हवी. त्यामुळे ज्या निष्कर्षावर तुम्ही निर्णय घेतला तो स्वतःच्या केस पेपरमध्ये तारीख आणि ठिकाणासह उतरवून ठेवा: ‘अमुक तारखेच्या बाहेरच्या अहवालात क्रिएटिनिन २.१, म्हणून मेटफॉर्मिन कमी केलं.’ उद्या विचारणा झाली तर हाती तेवढंच असतं. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी देण्याचा आणि भरती रुग्णांचे कागद तीन वर्षं सांभाळण्याचा २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांतला दंडक आहेच, आभामुळे तो सुटत नाही.

बेशुद्ध रुग्णाच्या वेळी मात्र ही व्यवस्था अजून भरवशाची नाही, कारण होकार त्याच्याच फोनवरून यावा लागतो. दीर्घ आजारांच्या रुग्णांनी ॲलर्जी आणि चालू औषधांची चिठ्ठी पाकिटात ठेवणं चालूच ठेवावं.

पैसे कुठून येणार?

डिजिटल हेल्थ इन्सेंटिव्ह स्कीम ही सरकारी प्रोत्साहन योजना १ जानेवारी २०२३ पासून लागू झाली आणि पुढे तिला मुदतवाढ मिळत गेली. सुरुवातीच्या नियमांप्रमाणे रुग्णालयाला दर खाटेमागे महिन्याला ५० जोडलेल्या नोंदी हा पाया, त्यावरच्या प्रत्येक नोंदीला २० रुपये, आणि कमाल मर्यादा चार कोटी. आता हिशोब करू. वीस खाटांचं नर्सिंग होम, पाया १,०००. ओपीडी रोज ६०, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे १,५६० भेटी. प्रत्येकाची आभा जोडली तर ५६० गुणिले २०, म्हणजे ११,२०० रुपये. दोन तृतीयांशांची जोडली तर १,०४० नोंदी, हाती ८०० रुपये. निम्म्यांची जोडली तर शून्य. लहान रुग्णालयाने या उत्पन्नावर माणूस नेमू नये.

अनुदानावर उभ्या राहिलेल्या अशा व्यवस्थांचं काय होतं याचा धडा अमेरिकेत आहे. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा काउंटीतला नोंदी-देवाणघेवाणीचा प्रकल्प एका प्रतिष्ठानच्या एक कोटी डॉलर मदतीवर १९९० च्या दशकाच्या शेवटी सुरू झाला आणि २००६ च्या अखेरीस बंद पडला. सॉफ्टवेअरला उशीर झाला, आणि मदत संपल्यावर पदरचे पैसे घालावेत असा फायदा कुणाही रुग्णालयाला दिसेना. इंडियानामधली व्यवस्था टिकली ती साध्या कारणाने: लॅब आणि रुग्णालयांना आपले रिपोर्ट डॉक्टरांपर्यंत पोहोचवायला टपाल, कुरिअर आणि फॅक्सचा खर्च होताच, तोच खर्च कमी करून देणारी सेवा तिने विकली.

आपल्याकडेही टिकाऊ पैसा अशाच खर्चात दडलेला आहे. रिपोर्टसाठी पुन्हा येणारे फोन, डुप्लिकेट प्रती काढणं, जुन्या फाइली शोधणं, विम्याच्या दाव्याला परत परत कागद जोडणं. विम्याच्या दाव्यांसाठी नॅशनल हेल्थ क्लेम्स एक्स्चेंज उभं राहत आहे, आणि कॅशलेस रुग्ण जास्त असलेल्या नर्सिंग होमला व्यवस्थित डिस्चार्ज कार्ड तयार असण्याचा फायदा तिथे होऊ शकतो. आज या सेवेचा खरा प्रतिस्पर्धी व्हॉट्सॲप आहे. तो फुकट आहे, सगळ्यांना येतो, रिपोर्ट क्षणात पोहोचतो. पण तिथे गेलेला रिपोर्ट फोन बदलला की हरवतो, आणि चुकीच्या नंबरवर गेला तर परत घेता येईलच असं नाही. दोन्ही चालू ठेवा. व्हॉट्सॲप लगेच कळवण्यासाठी, आभा जपण्यासाठी.

सॉफ्टवेअर बदलताना

आमच्या मते या सेवेचा सर्वांत कच्चा दुवा इथे आहे. जोडलेली प्रत्येक नोंद रुग्णालयाच्या क्रमांकाशी आणि सॉफ्टवेअरने दिलेल्या भेटीच्या संदर्भाशी बांधलेली असते. पुरवठादार बदलला, आणि नव्या सॉफ्टवेअरला जुने संदर्भ माहीत नसले, तर गेल्या तीन वर्षांत जोडलेल्या सगळ्या नोंदी रुग्णांच्या ॲपमध्ये नावापुरत्या उरतात. महाराष्ट्रातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतली माहिती प्रणाली जुलै २०२२ मध्ये पुरवठादाराशी झालेल्या वादातून बंद पडली, आणि एवढ्या मोठ्या रुग्णालयांना कागदावर परतावं लागलं. वीस खाटांच्या ठिकाणी हे व्हायला एक न भरलेलं बिल पुरतं.

म्हणून करारात चार गोष्टी लिहून घ्या. माहितीची मालकी रुग्णालयाची. करार संपल्यावर तीस दिवसांत संपूर्ण माहिती एफएचआयआर स्वरूपात, रुग्ण संदर्भ आणि भेटीचे संदर्भ यांच्यासह, कोणतंही वेगळं शुल्क न घेता परत. बिलाचा वाद चालू असतानाही माहिती बघण्याचा हक्क कायम. आणि नवा पुरवठादार चालू होईपर्यंत जुन्याने मागण्यांना उत्तर देत राहायचं, किमान तीन महिने. यातल्या दुसऱ्या कलमाची चाचणी करार चालू असतानाच वर्षातून एकदा घ्या: माहिती काढायला लावा आणि पाच रुग्णांच्या नोंदी उघडून बघा.

कुणी घ्यावी, कुणी थांबावं

पॅथॉलॉजी लॅबने आजच घ्यावी, तिचा माल नेमका या साच्यात बसतो. मधुमेह, किडनी, हृदयविकार, कर्करोग यांचे रुग्ण बघणाऱ्या ठिकाणीही घ्यावी, कारण इथे जुना रिपोर्ट औषध बदलतो. प्रसूतिगृहांना आई आणि बाळ दोघांच्या नोंदी पुढे उपयोगी पडतात. एकट्या जनरल प्रॅक्टिशनरने आधी प्रिस्क्रिप्शन संगणकावर लिहिण्याची सवय लावावी. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीचा फोटो जोडून फारसं साधत नाही. एक्स-रे, सोनोग्राफी, सीटीवाल्यांनी लेखी अहवाल पाठवावा, प्रतिमा मात्र अजून आपल्या दुव्यानेच द्याव्या लागतील, कारण त्या फार जड असतात.

सुरू केल्यावर दर महिन्याला सॉफ्टवेअरमधून तीन आकडे काढा: किती भेटी झाल्या, त्यातल्या किती आभाशी जोडल्या गेल्या, आणि बाहेरून आलेल्या किती मागण्यांना आपल्याकडून उत्तर गेलं नाही. तिसरा आकडा बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये दिसतच नाही. तो विक्रेत्याकडून मागून घ्या, आणि तो शून्याच्या वर असेल तर कोणत्या दिवशी, किती वाजता, कशामुळे, हे लेखी विचारा.